नेल्के कुणाच्या हद्दीत पडली

विनोदाचा शेवट सांगायचा की कुंपणाची तार लावायची, असा प्रश्न त्या गुरुवारी अल्बानपुढे उभा राहिला आणि त्याने विनोदाचा शेवट सांगितला.

खरं तर हा प्रश्न आहे हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. अल्बानचं सगळं आयुष्य इझेल नदीच्या काठाने पोस्टाची पिवळी बस हाकण्यात गेलं. हात स्टिअरिंगवर आणि तोंड प्रवाशांकडे, ही त्याची कायमची बैठक. निवृत्त झाल्यावर हात मोकळे झाले, तोंडाचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरला. तो प्रश्न पर्यटन कचेरीतल्या रेसिंगर बाईंनी सोडवला. दर गुरुवारी बाहेरगावच्या कुटुंबांना घेऊन नदीकाठाने झेंझीच्या कुरणापर्यंत जायचं, ताक प्यायचं आणि परत यायचं. बाईंच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत कुणालाही झेपेल अशी वाट.’ पणजोबांचं काही सांगता येत नाही, पण मुलं खूश असायची. कारण वाटेत आंधळं वळण आलं की अल्बान तोंडाने बसचा भोंगा वाजवायचा, आणि पाण्याचा झरा आला की ‘पुढचा थांबा, पुढचा थांबा, उतरणाऱ्यांनी पुढे या’ म्हणून ओरडायचा.

जिथे लार्चची झाडं संपतात आणि कुरण सुरू होतं तिथे वाटेला आडवी विजेची तार आहे. तिला पिवळी मूठ असते. मूठ धरायची, तार सोडायची, माणसं पलीकडे न्यायची, तार पुन्हा अडकवायची. या दरीतलं पोर चालायला शिकतं त्याच सुमाराला हे शिकतं. त्या दिवशी उल्म शहरातून आलेल्या एका जोडप्याबरोबर जुळ्यांची बाबागाडी होती. रुंदीला जवळजवळ बसच. तिचं एक चाक दगडांत अडकलं. अल्बानच्या एका हातात तार, दुसऱ्या हातात गाडीचा दांडा आणि तोंडात बिशप. म्हणजे बसमध्ये चढलेल्या बिशपचा तो प्रसिद्ध विनोद, जो तो बरीच वर्षं सांगत होता आणि ज्याचा शेवट उताराच्या वळणावर येतो. चाक काही निघेना. तेव्हा त्याने तार गवतात टाकली, दोन्ही हातांनी गाडी उचलली, पलीकडे ठेवली आणि त्याच क्षणी बिशप शेवटच्या थांब्यावर पोचला. जुळ्यांचे वडील इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. अल्बानला आयुष्यात इतकं भरभरून हसणारा श्रोता क्वचितच मिळाला होता. त्याच तंद्रीत सगळी वरात ताकाच्या दिशेने निघाली.

तार गवतातच राहिली.

वर झेंझी दारात उभी होती. कमरेला निळा एप्रन, पायात रबरी बूट, डोक्याला फडकं.

“आज किती तोंडं आणलीस?” तिने विचारलं.

“जास्त नाहीत गं. दोन तर दात नसलेली आहेत.”

“ती बरी. निदान बोलत तरी नाहीत.”

झेंझीचं पूर्ण नाव क्रेसेंझ, पण या नावाने तिला फक्त सरकार ओळखतं. या कुरणावर ती पहिल्यांदा चढली चौदाव्या वर्षी, मावशीच्या हाताखाली. मावशी गेल्यावर तिथेच राहिली. उन्हाळाभर गावाची गुरं सांभाळायची, धारा काढायच्या, चीज करायचं. सप्टेंबरात गुरं खाली आणायची आणि हिवाळाभर गावातल्या हॉटेलाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री मारायची. चादरींची गंमत अशी की त्या हंबरत नाहीत आणि पळत नाहीत. त्यामुळे हिवाळा तिला अंमळ कंटाळवाणा जायचा.

लग्न केलं नाही. एका वनरक्षकाने विचारलं होतं. चांगला उंच, मिशीवाला माणूस. उन्हाळ्यात खाली राहशील का, असं तो म्हणाला. ती म्हणाली, हिवाळ्यात राहीन की. त्यावर तो विचार करायला गेला तो पुढच्या गावातल्या बेकरीवालीशी लग्न करूनच थांबला. अल्बानने हा विषय एकदा छेडला होता. “त्याला हिवाळ्यापुरती बायको नको होती,” झेंझी म्हणाली, “आणि मला बारमाही नवरा. यात भांडण्यासारखं काय आहे?”

या दरीत झाडांची रेघ ओलांडली की माणसं एकमेकांना अहोजाहो करत नाहीत, सगळेच अरेतुरे. खाली उतरलं की पुन्हा जो तो आपापल्या मानाच्या खुर्चीवर. झेंझीने मात्र ही सवलत दोन्हीकडे चालू ठेवली. म्युनिकचे एक न्यायाधीश पहिल्यांदा तिच्या बाकावर बसून म्हणाले होते, “जरा आणखी एक पेला मिळेल का?” तेव्हा ती म्हणाली, “तुला पाय आहेत ना? आत जा. खुंटीवर पेला आहे, कोपऱ्यात हंडा आहे.” न्यायाधीश आत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, आणि आता तर आल्या आल्या बाह्या सरसावून सगळ्यांचे पेले विसळतात. त्यांची बायको अल्बानला म्हणाली होती, “घरी हे चमचाही उचलत नाहीत हो.”

मुलांसाठी वेगळा कायदा. ताक पिण्याआधी प्रत्येक मुलाने कुरणातले पाच-सहा दगड उचलून घरामागे आणून टाकायचे. हिमाबरोबर डोंगरावरून दरवर्षी दगड येतात आणि ते गवतात राहिले तर गुरांचे पाय मुरगळतात. आया सुरुवातीला नाकं मुरडायच्या. मुलं मात्र असं काम सोन्यासारखं मानायची, कारण घरी त्यांना कुणी दगडाला हात लावू देत नसे. त्या दगडांचा घरामागे कमरेइतका बांध झाला होता. एकदा एक टकलू गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन त्या बांधापाशी उभे राहिले आणि म्हणाले, “यातला खालचा एक माझा आहे.” झेंझी म्हणाली, “मग त्याच्यावर एक ठेव.”

एवढ्या उन्हाळ्यांत तिच्या हाताखालचं एकही जनावर दगावलं नव्हतं. शेजारच्या कुरणांवर वीज पडली, कड्यावरून गाय गेली, ऑगस्टात अवचित हिम आलं. झेंझीची गुरं मोजून नेलेली तशी मोजून परत आली. म्हणून दर सप्टेंबरात तिचा कळप मुकुट घालून उतरायचा. सगळ्यांत पुढे बेर्टा, तिच्या शिंगांमध्ये कागदी गुलाबांचा मुकुट, मधोमध छोटा आरसा, मागे बाकीच्यांच्या माथ्यावर फुलं, गळ्यात मोठमोठ्या घंटा. गाव, बँड, पाहुणे सगळे चर्चपाशी उभे. उन्हाळ्यात कळपातलं जनावर गेलं किंवा कुरणाच्या घरातलं माणूस गेलं, तर मुकुट पेटीत राहतो आणि गुरं उघड्या माथ्याने उतरतात. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळच कुणी आणलेली नाही.

यंदाचा मुकुट झेंझीने फार मनापासून केला होता. धुलाईघरातल्या बाया वाफेत बसून सगळा हिवाळा गुलाब वळत होत्या. कारण गुडघ्यांनी आता राजीनामा दिला होता, पुढच्या वर्षीपासून कुरण एका तरुण जोडप्याकडे जाणार होतं, आणि ही झेंझीची शेवटची उतरण होती.

“केवढा केलास हा!” मुकुट पाहून अल्बान म्हणाला होता. “बेर्टाची मान मोडेल.”

“तुझ्या जिभेपेक्षा दणकट आहे तिची मान.”

त्या कळपात झेंझीचं स्वतःचं म्हणावं असं जनावर एकच. नेल्के नावाची गाभण कालवड. बाकी सगळी गावाची. नेल्के तांबडी, पाठीवरून शेपटापर्यंत पांढरा पट्टा, आणि भलती चौकस. खाली घरामागच्या गोठ्यात झेंझीने तिच्यासाठी नवी गव्हाण करून घेतली होती. “माणसं म्हातारपणी मांजर पाळतात,” अल्बान म्हणाला, तर ती म्हणाली, “मांजर दूध पितं. ही देईल.”

त्याच गुरुवारी संध्याकाळी अल्बानचा फोन वाजला. झेंझीचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत एका ठरावीक फळीवर ठेवला तरच लागतो, त्यामुळे ती नेहमी वाकून आणि थोडक्यात बोलते.

“तार खाली आहे. नेल्के नाही.”

अल्बानच्या डोळ्यांपुढे ती पिवळी मूठ गवतात पडलेली लख्ख दिसली.

“झेंझी, मीच गं. त्या बाबागाडीच्या…”

“कळलं. ये वर.”

उजेड होता तोवर दोघांनी नदीकाठ पालथा घातला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघाले. शेजारच्या कुरणातला सेराफिनही आला. हाका मारून अल्बानचा घसा बसला. इझेल त्या दिवसांत हिमनदीच्या पिठासारख्या मातीने दुधाळ असते आणि तिचा आवाज असा, की शेजारच्या माणसाचंही ऐकू येऊ नये. शेवटी नेल्के सापडली ती नदीच्या पांढऱ्या दगडांत. पाणी प्यायला किंवा नुसतंच काय आहे बघायला उतरली असावी. पुढचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला होता आणि ज्या दिशेला पाय वळत नाही त्या दिशेला वळला होता. ती ओरडत नव्हती. माणसं दिसताच तिने कान तेवढे हलवले.

गुरांचा डॉक्टर आला, गुडघ्यावर बसला, पायाला हात लावला आणि मग झेंझीकडे न बघता आपली बॅग उघडली. झेंझी दगडावर बसली, नेल्केचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कपाळावरचा भोवरा बोटाने फिरवत राहिली. काम झालं तरी ती बोट फिरवतच होती.

अल्बान बाजूला उभा होता. त्याने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

परत जाताना लार्चपाशी झेंझीने पिवळी मूठ अडकवलेली आहे ना हे ओढून पाहिलं. घरी गेल्यावर तिने दोघांना कॉफी दिली.

“झेंझी, मला माफ कर,” अल्बान म्हणाला.

“हं,” ती म्हणाली, आणि धारा काढायला गेली.

‘हं’ म्हणजे केलं की नाही, याचा विचार करत अल्बान ती सगळी वाट उतरला. एकाही वळणावर भोंगा वाजला नाही.

आता गावाची गोष्ट. रेसिंगर बाईंनी उतरणीची पत्रकं केव्हाच छापली होती. पत्रकावर बेर्टा, मुकुटासह. हॉटेलं भरली होती. अल्बाननेही हौसेने प्रत्येक गुरुवारच्या कुटुंबाला ‘सप्टेंबरात नक्की या, झेंझीच्या गायी राणीसारख्या उतरतात’ असं आमंत्रण दिलं होतं. बातमी कळताच बाई त्याच्या दारात आल्या.

“अल्बान, आता काय करायचं हो? उघड्या डोक्याच्या गायी बघायला कोण येणार?”

“झेंझीला विचारा.”

“तिला विचारायची माझी छाती नाही. मागे मी तिला टोपी घाल फोटोसाठी म्हटलं होतं, तर तिने मला दगड उचलायला लावले.”

अल्बानला पाहुण्यांची फारशी पर्वा नव्हती. त्याला टोचत होतं ते वेगळंच. इतक्या उन्हाळ्यांची बाई शेवटच्या खेपेला मान खाली घालून उतरणार, तेही एका विनोदापायी. आणि तोही फार चांगला विनोद नव्हे, हे त्याला आता पहिल्यांदाच जाणवलं होतं.

मधला एक गुरुवार भोंग्याविनाच गेला. त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनेनंतर खानावळीच्या लांब टेबलाशी गुरांचे सगळे मालक बसले होते. जो तो ग्लासात बघत होता. आणि सेराफिन, जो सहसा हवामानापलीकडे बोलत नाही, तो म्हणाला, “पण मी म्हणतो, ती पडली कुठे?”

“नदीत.”

“नदीत म्हणजे कुणाच्या?”

टेबल एकदम जागं झालं. कारण कुरणाची हद्द लार्चखालच्या क्रूस कोरलेल्या दगडापाशी संपते. त्याच्या खालचे सगळे दगड-गोटे नदीचे, म्हणजे सरकारचे. नेल्के सरकारी दगडांत गेली होती. म्हणजे कुरणावर जनावर दगावलंच नाही.

“पण पडली ती सुटून ना? सुटली कुरणातून,” एकजण म्हणाला.

“सुटणं वेगळं आणि मरणं वेगळं. तू रोज खानावळीतून सुटतोस, मरतोस कुठे?”

“हद्दीचा दगड कितीसा लांब होता तिच्यापासून?”

“चांगला लांब. डोकं तर नदीकडेच होतं.”

“आणि शेपूट?”

“शेपूटही सरकारीच, रे बाबा. सगळी गाय सरकारी.”

हसण्याची खसखस पिकली आणि लगेच विरली, कारण सगळ्यांना ते हसू बरं वाटलं नाही. पण मुद्दा टेबलावर आला होता आणि तो कुणाला उचलावासा वाटत नव्हता. अल्बान तर तडक उठला. त्याच दुपारी सेराफिनला घेऊन तो हद्दीचा दगड बघायला गेला. शेवाळ खरवडलं, क्रूस दिसला. तिथून जिथे ती पडली होती तिथपर्यंत दोघं चालले. अल्बान परतताना जवळजवळ धावतच होता. आयुष्यात पहिल्यांदा कुठलीशी हद्द त्याच्या बाजूने होती.

सगळ्या मालकांचं एकमत घेऊन तो वर गेला. झेंझी चीजचं कापड पिळत होती. तिने कापडाचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “पीळ. बोल.”

त्याने पिळत पिळत सगळं सांगितलं. दगड, क्रूस, सरकार, मालक. “कुणाचीही हरकत नाही, झेंझी. सगळ्यांच्या गायी आहेत आणि सगळे म्हणतात, मुकुट घाला. नियमाने बघितलं तर तुझ्या कुरणावर या वर्षीही काहीच झालेलं नाही.”

“काहीच झालेलं नाही,” झेंझी म्हणाली.

तो प्रश्न होता की नुसतं त्याचंच वाक्य परत दिलेलं, हे त्याला कळलं नाही.

“तुझी शेवटची उतरण आहे गं. तुझ्या त्या मुकुटाला अख्खा हिवाळा लागला. धुलाईघरातल्या बाया सगळ्या रस्त्यावर उभ्या राहणार. मी तर…” इथे तो अडला. “मला तर तो मुकुट दिसायलाच हवा आहे.”

“हो, तुला हवा असेल,” ती म्हणाली. कठोरपणे नव्हे, एखाद्याला थंडी वाजते आहे हे ओळखून म्हणावं तसं. “झालं पिळून? मग ताक पी आणि जा. अंधार व्हायच्या आत उतर.”

“मग ठरलं ना?”

“गुरुवारी येणार आहेस ना मुलं घेऊन?”

“येईन.”

“मग त्या दिवशी भोंगा वाजव. मागच्या गुरुवारी मुलं वाट बघत होती म्हणे.”

अल्बानला वाटलं, ठरलं. खाली येऊन त्याने सेराफिनला सांगितलं, “बघू म्हणाली.” खरं म्हणजे ती ‘बघू’सुद्धा म्हणाली नव्हती. पण अल्बानने लहानपणापासून झेंझीच्या गप्प बसण्याचा जो सोयीचा अर्थ लावता येईल तो लावला होता, आणि ती सवय या वयात कुठे जाणार? सेराफिनने बाईंना सांगितलं, ‘हो म्हणाली.’ बाईंनी बँडला सांगितलं.

उतरणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. ते उठलं तेव्हा कड्यांवर नवं हिम दिसलं. अल्बान पहाटेच वर गेला होता, गुरं आणायला मदत म्हणून. घरासमोर मालकांची माणसं गायींना घासूनपुसून उभी होती. मुकुटाची पेटी बाकावर होती. झाकण बंद. मोठ्या घंटा भिंतीशी ओळीने ठेवलेल्या, पट्ट्यांसकट. सगळे तिच्याकडे बघत होते.

झेंझी काळा घागरा घालून बाहेर आली. तो ती उतरणीलाही घालते आणि अंत्यविधीलाही, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तिने बेर्टाच्या गळ्याला हात लावला, रोजची लहान घंटा आहे तशीच राहू दिली, आणि म्हणाली, “चला.”

“झेंझी, पेटी?” सेराफिनने विचारलं.

“पेटी पुढच्या वर्षीच्या पोरीसाठी आत ठेव. उंदीर लागणार नाहीत अशा जागी.”

सेराफिनने पेटी उचलली. अल्बानला वाटलं, आता हद्दीचा दगड पुन्हा एकदा समजावून सांगावा. पण बेर्टा चालायला लागली होती, आणि बेर्टा चालायला लागली की मागे कुणी वाद घालत बसत नाही.

वाट तीच, गुरुवारची. लार्चची पानं पिवळी व्हायला लागलेली, खाली इझेल उन्हाळा संपल्यामुळे निवळून हिरवी झालेली. मोठ्या घंटांचा गदारोळ नसल्याने आज दुसरंच काही ऐकू येत होतं. खुरं, श्वास, ओल्या दगडावर घसरलेला एखादा पाय, लहान घंटांची किणकिण. अल्बानने ही उतरण लहानपणापासून पाहिली होती, पण गायी श्वास घेतात हे त्याने त्या दिवशी ऐकलं.

चर्चपाशी माणसं दाटीवाटीने उभी होती. पोरं वडिलांच्या खांद्यावर. बँडचे लोक गाल फुगवून तयार. वळणावरून बेर्टाचा उघडा माथा दिसला आणि बँडच्या म्होरक्याचा वर उचललेला हात तसाच राहिला. मग हळूच खाली आला. ट्यूबावाल्याने आपला अवजड पितळी ट्यूबा जमिनीवर टेकवला. गावातल्या पुरुषांनी, कुणी सांगितल्याशिवाय, एकामागून एक टोप्या काढल्या. धुलाईघरातल्या बाया पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलंही नाही. सगळ्या झेंझीकडे बघत होत्या.

मागून एक पाहुणा कुरकुरला, “चार तास गाडी चालवून आलोय आणि फुलंच नाहीत?”

“अहो, हळू बोला,” रेसिंगर बाई म्हणाल्या. पत्रकं त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती पाठीमागे धरली.

उल्मचं ते जोडपंही आलं होतं. त्यांच्या जुळ्यांपैकी एकजण बाबागाडीतून बेर्टाकडे हात करून मोठ्याने खिदळला. वडिलांनी त्याला गप्प करायला हात पुढे केला, तेव्हा झेंझी जाता जाता म्हणाली, “हसू दे. त्याला तेवढंच येतं.” आणि पुढे गेली. ताठ, काठी न टेकता, गुडघ्यांना काय वाटत असेल ते वाटो. मान खाली घालणं वगैरे काही नव्हतं. अल्बान ज्याची काळजी करत होता तसं काहीच दिसत नव्हतं, आणि त्यामुळे तो अधिकच गोंधळला.

एकेका गोठ्यापाशी एकेक मालक आपली गाय घेऊन बाजूला झाला. कळप पातळ होत गेला. शेवटी गावाबाहेरच्या तिच्या घराकडे जाणाऱ्या गल्लीत झेंझी आणि अल्बान दोघंच उरले. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, हाकायलाही काही नाही. तिच्या गोठ्याचं दार उघडंच होतं. आत नवी गव्हाण, कोरं लाकूड.

झेंझीने दार ओढून घेतलं. अल्बानला आता राहवलं नाही.

“झेंझी, मला एक सांग. सगळे मालक राजी होते. सगळं गाव राजी होतं. सेराफिनने आणि मी तो दगड डोळ्यांनी बघितला, ती जागा आपली नाही, सरकारची आहे. पाहुण्यांना तर काही कळलंही नसतं. मग तू मुकुट का नाही घातलास?”

झेंझीने कडी लावली.

“जागा सरकारची असेल. नेल्के माझी होती.”